ताणावर तेल नाही

गेल्या महिन्यात सौसरच्या बाजारात एका कृषी केंद्रावर उभा होतो. घरच्या लिंबाला कोळशी लागली होती, म्हणून औषध घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं एक बाटली पुढं ठेवली. बागायती तेल. आमचं राज्य हिंदी, पण माल हद्दीपलीकडच्या नागपूरकडचा, त्यामुळं लेबल मराठीत. पुढं हसणारा शेतकरी आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना. चष्मा कपाळावर सरकवून वाचू लागलो. द्रावण सतत ढवळत राहावे. पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. कडक उन्हात फवारू नये. झाडास पाण्याचा ताण असताना फवारणी करू नये.

माझं डोकंच फिरलं. बाटली मी काउंटरवर इतक्या जोरात ठेवली की दुकानदार म्हणाला, "काय झालं साहेब, तारीख निघून गेली काय?"

तारीख निघून गेलीच होती, पण बाटलीची नाही. या चारही ओळी मी पस्तीसेक वर्षांपूर्वी एका माणसाच्या तोंडून ऐकल्या होत्या. शिव्यांसकट ऐकल्या होत्या. तेव्हा त्या कुणी छापल्या नाहीत, उलट त्यांच्यापायी त्या माणसाची गावातली सगळी इज्जत गेली. ती घालवणाऱ्यांत पहिला नंबर माझा. हे मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो, कारण ती बाटली घरी आणून समोर ठेवली आहे आणि राग काही उतरत नाही.

मी तेव्हा फळबागांच्या खात्यात नुकताच लागलो होतो. सगळ्यात धाकटा साहेब, नोकरी अजून कच्ची, नेमणूक पांढुर्ण्याला. खोली मिळाली स्टेशनच्या अलीकडं, त्या माणसाच्याच घरात. ते रेल्वेतून रिटायर झालेले. उभं आयुष्य मालडब्यांच्या आसांना तेल घालण्यात गेलं. हातात लांब चोचीचं भांडं घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि प्रत्येक चाकापाशी वाकायचं. रिटायर झाल्यावर माणसं पारावर जाऊन बसतात. हे संत्र्याच्या झाडाखाली जाऊन वाकायला लागले. गाव त्यांना 'तेलवाले' म्हणायचं. मी काकाजी म्हणायचो.

कोळशी काय असते ते सांगितलं पाहिजे. पानाच्या खाली बारीक काळी माशी बसते, रस पिते आणि चिकट पाणी गाळते. त्या चिकट पाण्यावर काजळी धरते. बघता बघता झाड कोळशाच्या वखारीत उभं केल्यासारखं काळं पडतं. काकाजींचा इलाज एकच. साबण गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात पातळ पांढरं तेल ओतायचं आणि ते इतकं घोटायचं की तेल आणि पाणी वेगळं ओळखू येऊ नये. मग त्यात आणखी पाणी. याला ते 'दूध' म्हणायचे. रेल्वेचंच तेल झाडाला घालतो हा, असं लोक म्हणायचे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "काळं तेल आसाले, पांढरं तेल पानाले. दोन्ही एकच समजनारा मानूस तूच पायला."

हे दूध कुठं शिकले? कुठल्याशा स्टेशनवर एका बुढ्या माळ्यानं शिकवलं म्हणे. त्या स्टेशनचं नाव ते दर वेळी वेगळं सांगायचे आणि कुणी टोकलं तर चिडायचे.

चिडण्याला त्यांना कारण लागायचं नाही. कुणाच्याही फाटकातून आत शिरले की आधी कुंपणाच्या जास्वंदीचं पान उलटायचे. मग घरमालकाशी बोलायचे. "वरून सारेच हिरवे असते," म्हणायचे. "खालून पाह्य." माझ्या ऑफिसात एकदा आले तर आमच्या कुंडीतल्या क्रोटनचं पान उलटून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काय रोगाचं दुकान घालून बसले तुमी?" आमचे बडे बाबू आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

त्यांचा पंप पितळी होता, बादलीत उभा करून हातानं मारायचा. दर रविवारी चिंचेनं घासायचे. त्याच्या नळीचं तोंड त्यांनी स्वतः वाकवून आभाळाकडं केलं होतं. फवारा वरून खाली नाही, खालून वर. त्यामुळं झाडाखाली उभं राहून फवारताना निम्मं दूध त्यांच्याच अंगावर पडायचं. म्हणून भर उन्हाळ्यातसुद्धा रेल्वेचा जुना काळा रेनकोट घालून ते बागेत जायचे. चैत्रात रेनकोट घालून सावरगावच्या पुलावरून चाललेला माणूस बघून परगावचे लोक थांबायचे. गावातले थांबत नसत, कारण थांबलं की पान उलटायला लावतील ही भीती.

सकाळची पॅसेंजर शिटी मारून निघून गेली की फवारा बंद. मग झाड अर्धं राहिलं तरी राहो. एकदा एका वकिलाच्या अंगणातलं मोसंबीचं झाड त्यांनी बरोबर अर्धं ओलं करून सोडलं. वकील गयावया करत होता, "चार फांद्या तं राहिल्या जी!"

"ऊन तापून राहिलं. उनात तेल म्हंजे तळन. भजे पायजे काय तुले?"

आणि घोटलेलं दूध ते काचेच्या बाटलीत भरून भिंतीवर ठेवायचे आणि तिच्याकडं बघत बसायचे. वर तेलाची कड दिसली की सगळा घाणा ओतून द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. एक जण म्हणाला, "काकाजी, तुमी तं बुद्धाचे. मंग हे किडे मारता ते कसं चालते?" ते म्हणाले, "तुया डोस्क्यातल्या उवा तू काय पाळून राहिला?"

काकू शांत होत्या. त्यांच्या हातची ज्वारीची भाकर आणि झुणका मी दोन वर्षं जेवलो. सौसरला घरी गेलो की आई विचारायची, "तिथं जेवत तं नाहीस ना रे?" आणि मी म्हणायचो, "नाही, खानावळ लावली आहे." हे इथं मुद्दाम लिहितो आहे. माझा खोटेपणा पुढं सांगतो त्या डिसेंबरात सुरू झाला नाही. तो भाकर पोटात असतानाच चालू होता, फक्त मला त्याची लाज वाटत नव्हती.

सावरगावच्या पुढं एक मोठी संत्र्याची बाग होती. बागवाल्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. चाळिशीचा, हसतमुख, चार माणसांत वजन असलेला गृहस्थ. त्याच्या बागेत कोळशी शिरली तेव्हा त्यानं काकाजींना बोलावलं. हा प्रसंग मी यायच्या आधीचा, पण काकूंकडून आणि पुढं खुद्द भाऊसाहेबाकडूनही ऐकला आहे. काकाजी पोचले तर पाण्याचा ड्रम आधीच भरून ठेवलेला. त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन त्यात साबण चोळला. फेस येईना, पांढऱ्या कण्या धरल्या. खारं पाणी. खाऱ्या पाण्यात दूध फाटतं.

"हे विहिरीचं पानी नाही," ते म्हणाले.

नव्हतंच. बागेत गोड्या पाण्याची विहीर होती, पण यांना विहिरीपाशी जावं लागू नये म्हणून नाल्याजवळच्या हातपंपाचं पाणी आणून ठेवलं होतं. गड्यानं सांगितलं, आम्ही विहिरीचं काढून देतो, तुम्ही इथंच बसा. काकाजी म्हणाले, मला प्रत्येक बादली बघून घ्यावी लागते, मी स्वतः काढीन. सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"मी पान्याची परीक्षा घेतो," काकाजी म्हणाले. "पानी काहून माही परीक्षा घेऊन राहिलं?"

पंप खांद्यावर टाकून ते आले तसे परत गेले. पुढच्या वर्षी कोळशी निम्म्या बागेत पसरली. तेव्हा भाऊसाहेब स्वतः घरी आला. म्हणाला, "तुमी काढा पानी. पाहू कोन काय म्हंते." काकाजींनी सहा दिवस त्या विहिरीचं पाणी स्वतः शेंदलं आणि बाग वाचवली. त्या सहा दिवसांत भाऊसाहेबाला त्यांनी सगळे नेम शिकवले. ढवळत राहा, खालून मार, उन्हात नको. आणि सगळ्यात मोठा नेम, ताणावर तेल नाही.

संत्र्याच्या मुलखात ताण म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. थंडीत आम्ही बागेचं पाणी तोडतो. महिनाभर झाड तहानलेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, माना टाकतात. मग एकदम पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. तो आंबिया बहार. सगळ्या वर्षाचं फळ या उपवासावर असतं. काकाजी म्हणायचे, "ताणावरचं झाड म्हंजे उपाशी मानूस. हे तेल काही जहर नाही, हे श्वास कोंडते. उपाशी मान्साचं नाक दाबता काय?"

मी बी.एस्सी. झालेला. हे सगळं मला त्यांच्या ओसरीवर बसून कळलं, कॉलेजात नाही. पण श्रेय द्यायला जीभ कुठं वळते? मी ऑफिसात एक टिपण लिहिलं, तेल फवारणीच्या प्रात्यक्षिकाचं. त्यात काकाजींचं नाव नव्हतं. टिपण वरपर्यंत गेलं आणि छिंदवाड्याहून मोठ्या साहेबांचा निरोप आला की आम्ही स्वतः बघायला येतो. तारीख दिली ती डिसेंबरातली. जागा मीच सुचवली होती, भाऊसाहेबाची बाग. आणि ती बाग त्या वेळी तीन आठवड्यांच्या ताणावर होती.

काकाजींना सांगितलं तसे ते उठून उभे राहिले. "तारीख बदलव."

"काकाजी, मोठे साहेब येऊन राहिले. मी कशी बदलवू?"

"मंग बगीचा बदलव. नाईतं पानी सोडू दे, पंधरा दिवस जाऊ दे, मंग ये मले न्यायले. मी येतो. आता नाही."

"झाडांच्या चार ओळीच तर फवारायच्या आहेत."

"चार ओळी काय झाडं नाहीत? काहून बे, तुले समजते का नाही समजत? ताणावर तेल नाही! हजार डाव सांगतलं!"

माझी नोकरी कच्ची आहे, साहेबांच्या एका शेऱ्यावर ती पक्की व्हायची आहे, हे मी सांगितलं. ते दाराकडं वळले. मग म्हणाले, "नोकरी तुही हाय, झाड त्याचं हाय," आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते नागपूरला लेकीकडं गेले, दोन दिवसांसाठी. तेवढेच दोन दिवस मला पुरले.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी मी ओसरीवरून पितळी पंप उचलला. काकू दारात आल्या. "त्याईले विचारलं काय, साहेब?"

"हो," मी म्हणालो.

बागेत पोचलो तर भाऊसाहेब ड्रमाशी उभा. त्यानं पंप ओळखला. आजूबाजूला पाहिलं. "तेलवाले नाई आले?"

"नागपूरला गेले आहेत. पंप त्यांनीच दिला."

"ताणावर हाय बगीचा. त्यायनं हो म्हटलं काय?"

त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता, माझ्या डिग्रीवर नव्हता, खात्यावर तर नव्हताच. त्याला एकाच माणसाचा शब्द हवा होता, आणि तो माणूस साठ मैलांवर होता.

"हो," मी म्हणालो.

दोन अक्षरंही नाहीत त्या शब्दात. मी सकाळपासून तो दोनदा वापरला होता आणि दोन्ही वेळा तो चालला.

साहेबांची जीप आठला यायची होती, आली साडेअकराला. तोवर दूध ड्रममध्ये तसंच उभं. मी ढवळायचं सोडून रस्त्याकडं बघत होतो. साहेब आले, चहा झाला, संत्री सोलून झाली, हार झाले. मी पंप मारायला घेतला तेव्हा ड्रममध्ये वर तेलाचा थर आला होता. मला तो दिसला. हातानं दोनदा हलवला आणि सुरुवात केली, कारण साहेब घड्याळाकडं बघत होते. ऊन डोक्यावर. पहिल्या ओळीला साबणाचं पाणी गेलं आणि शेवटच्या ओळीला जवळजवळ निव्वळ तेल. साहेब म्हणाले, "बहुत बढ़िया. पत्ते चमक रहे हैं." त्याच संध्याकाळी मी अहवाल लिहिला, प्रात्यक्षिक यशस्वी.

पानं चमकत होती ती तळल्यासारखी. चौथ्या दिवशी डाग पडले, आठव्या दिवशी पिवळी झाली. मग त्या चार ओळींखाली पानांचा सडा पडला आणि वर नुसत्या काड्या राहिल्या. त्या झाडांना त्या वर्षी एक फूल आलं नाही.

काकाजी नागपूरहून परत आले त्या दिवशी मी त्यांना काही सांगितलं नाही. पंप घासून जागेवर ठेवला होता. त्यांनी तो उचलला, तोंडाचा वास घेतला आणि माझ्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मी पुस्तक वाचत असल्याचं सोंग केलं. त्या माणसानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. कदाचित मीच सांगेन म्हणून ते थांबले होते. आठ दिवस थांबले.

नवव्या दिवशी भाऊसाहेब आला, पाच-सहा माणसं घेऊन. हसतमुख माणूस चिडला की ओळखू येत नाही. अंगणात उभा राहून ओरडायला लागला, "तेलवाले, बाहेर या! बगीचा जाळला माहा!"

काकाजी बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. त्यांना खरं तेव्हाच कळलं, सगळ्यांसमोर. म्हणाले, "पंप माहा हाय. पन मी हो म्हटलं नाई. ताणावर मी हो म्हनीन काय? तुमाले सोता शिकवलं मी."

काकू पुढं झाल्या. "यायनंच नेला जी पंप. मले सांगतलं, त्याईले विचारलं म्हनून."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. भाऊसाहेब म्हणाला, "साहेब, तुमीच सांगा. म्हाताऱ्यानं हो म्हटलं होतं का नाई?"

मी सौसरचा. माझी बोली हीच, मी रोज तीच बोलतो. पण त्या क्षणी माझ्या तोंडून एकदम पुस्तकातली मराठी निघाली.

"माझा तसा समज झाला होता."

समज झाला होता! थू! खोटं बोलायचं तर धड खोटं तरी बोलावं. हे वाक्य खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. ते सरकारी होतं. त्याचा अर्थ प्रत्येकाला हवा तसा लावता येत होता आणि तिथल्या प्रत्येकानं तो एकाच बाजूनं लावला. एक जण म्हणाला, "साहेब काहून खोटं बोलतीन?" दुसरा म्हणाला, "यायले डोक्यावर बसवलं का असंच होते." 'यायले' म्हणजे कुणाला, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

भाऊसाहेबाच्या गड्यानं ओसरीवरचा पंप ओढून अंगणात आणला. कुऱ्हाडीची बोथट बाजू त्यावर पाच-सहा वेळा घातली. पितळ पिचतं तेव्हा फारसा आवाज होत नाही. वाकवलेलं तोंड तेवढं तुटून माझ्या पायाशी आलं. मी ते उचललंसुद्धा नाही.

सगळे गेल्यावर काकाजी ओसरीच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता फुटतील. गाव डोक्यावर घेणारा तो माणूस अगदी हळू आवाजात बोलला.

"गोटमारीत गोटा मारनारा समोर तरी उभा असते बे."

बस. एवढंच. गोटमार मी लहानपणापासून पाहिलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव उभे राहतात आणि एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटतात. काकाजींना त्या प्रकाराची मनस्वी चीड होती, त्या दिवशी ते घरातून बाहेर पडत नसत. त्या गोटमारीला त्यांनी माझ्यापेक्षा वरची जागा दिली.

महिन्याच्या शेवटी मी खोली सोडली. माझी नोकरी पक्की झाली आणि बदलीही. भाऊसाहेबानं त्याच आठवड्यात विहीर उपसून घेतली, हे मला ऑफिसात कळलं. गाळ काढला म्हणे. विहिरीचा गाळ उन्हाळ्यात काढतात. ऐन थंडीत, पाणी काठोकाठ असताना कोण गाळ काढतं? सगळ्यांना कळत होतं काय उपसलं जातंय. मलाही कळत होतं. मी बदलीचे कागद आवरत होतो.

त्यानंतर काकाजींना कुणी बोलावलं नाही. ना बागेत, ना वकिलाच्या अंगणात. मी एकदा उरलेलं सामान न्यायला गेलो तेव्हा ते मागच्या अंगणात स्टुलावर बसले होते. त्यांच्या स्वतःच्या लिंबाला कोळशी लागली होती. समोर साबणाच्या पाण्याची वाटी, हातात फडकं. एकेक पान उलटून ते पुसत होते. त्या झाडाला किती पानं असतील? मी फाटकात उभा राहिलो. माझ्याकडं न बघता ते पुढच्या पानाला लागले. काकूंनी माझी ट्रंक बाहेर आणून ठेवली आणि दार लावून घेतलं. काकाजी वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं, तेही एका ओळखीच्या माणसाकडून, बसस्टँडवर.

तर ती बाटली. दुकानातून निघालो तो घरी गेलोच नाही. पांढुर्ण्याची बस धरली आणि तिथून सावरगावच्या पुढं. मनाशी पक्कं केलं होतं, भाऊसाहेब जिवंत असेल तर त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं. एवढी वर्षं तो एका खोट्यावर जगला, मी त्याला फसवलं, हे ओझं उतरवायचं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो.

जिवंत होता. ऐंशीच्या घरात, खाटेवर बसलेला, दात गेलेले, पण हसणं तेच. त्यानं मला ओळखलं. मी बसलोच नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. काकाजी हो म्हणाले नव्हते. मी खोटं बोललो. बाग मी जाळली.

त्यानं खाटेवरचे पाय खाली सोडले. मग म्हणाला, "ते तं आमाले तवाच मालूम होतं, साहेब."

"काय मालूम होतं?"

"त्यायनंच शिकवलं होतं ना आमाले. ताणावर तेल नाही. तो मानूस हो म्हनीन काय? मरन तरी हो म्हनन नाई."

"मग पंप काहून फोडला?"

"मंग काय तुमचा फोडू? तुमी सरकारचे, त्या सकाळीही तुमाले नाई म्हनता आलं नाई. तुमच्याकडं पुढं कामं पडतात." त्यानं दोन्ही हात पसरले, अगदी साधी गोष्ट समजावून सांगावी तसे. "अन् विहिरीवरून भावकीनं लय बोलनं लावलं होतं मले. काहून चढू देल्लं म्हनून. बगीचा जळला तं माहंही तोंड मोकळं झालं. उपसून टाकली, सारे चूप."

इतकी वर्षं मी स्वतःला फसवणारा समजत होतो. कुणी फसलंच नव्हतं. त्या अंगणात उभ्या असलेल्या एकूण एक माणसाला खरं माहीत होतं. त्यांनी माझं खोटं मानलं नव्हतं, ते त्यांना सोयीचं पडलं होतं. मी फक्त ते त्यांच्या हातात दिलं. आणि काकाजींना हेही त्याच वेळी कळलं असणार. पान उलटून पाहायची सवय त्यांची होती, माझी नव्हती.

त्याचं लक्ष माझ्या हातातल्या बाटलीकडं गेलं.

"हे कायचं व्हय?"

"तेल. संत्र्यावर मारायचं."

"काय लिहेल हाय त्याच्यावर? वाचा बरं. मले आता दिसत नाई."

मी वाचलं. द्रावण सतत ढवळत राहावे. पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. कडक उन्हात फवारू नये. झाडास पाण्याचा ताण असताना फवारणी करू नये.

तो डोळे मिटून ऐकत होता. मान हलवत म्हणाला, "बरोबर लिहेल हाय. चांगली कंपनी दिसते."